प्रियदर्शी अशोक आणि बंदीशाळेतील माणसे



तुमच्यापैकी ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्या घरात जुना देव्हारा उतरवलेली जागा भिंतीवर अजून ओळखू येते. त्या जागी आता तथागतांची तसबीर आहे, शेजारी परमपूज्य बाबासाहेबांची आहे, आणि कित्येक घरांत चार सिंहांची मुद्राही लावलेली असते. ही मुद्रा कोणाची, असे घरातल्या शाळकरी मुलाला विचारून पाहा. तो अशोक राजाचे नाव घेईल. कलिंगाची लढाई, रस्त्याच्या कडेची झाडे, विहिरी, लंकेला गेलेली महेंद्र आणि संघमित्रा, एवढे तो भराभर सांगेल. पाठ्यपुस्तकात तेवढेच असते. मी शाळामास्तर आहे, आणि इतकी वर्षे मीही तेवढेच शिकवीत आलो.

मागे एकदा सहावीच्या वर्गात हा धडा संपला, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले की, अशोक राजाच्या राज्यात जेल होते काय. बाकीची मुले हसली. का हसली ते मला ठाऊक होते. त्या मुलाचा बाप वर्षभर जेलात होता. कोणाच्या तरी विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याचा आरोप होता. कोर्टाने जामीन मंजूर केला होता. पण जामीनदार म्हणून ज्याच्या नावाने सातबारा आहे असा माणूस उभा राहावा लागतो, आणि त्यांच्या वस्तीत सातबारा कोणाच्या नावाने असणार? दसऱ्यानंतर मुलाची आई एकटीच ऊसतोडीला गेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. अर्ध्या कोयत्याला मुकादमाची उचलही अर्धीच. मुलगा आजीपाशी राहिला होता.

मी त्याला होय म्हटले, जेल होते, आणि खाली बसवले. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला पुरेसे वाटेना. अशोकाचे शिलालेख काढून पुन्हा वाचले. जे वाचले ते तुम्हांला सांगतो.

चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा अशोक हा तरुणपणी उज्जैनचा कारभारी होता. तिथे जाताना वाटेत विदिशेला एका व्यापाऱ्याची मुलगी देवी हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि महेंद्र व संघमित्रा ही तिचीच मुले, असे सिंहली ग्रंथ सांगतात. इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास पाटलिपुत्रात त्याला राज्याभिषेक झाला. गादीसाठी त्याने नव्याण्णव भाऊ मारले ही गोष्ट तुम्ही कीर्तनात किंवा सिनेमात ऐकली असेल. ती दंतकथा आहे. त्याच्या स्वतःच्या लेखात भावाबहिणींच्या घरांची व्यवस्था पाहण्यासाठी अधिकारी नेमल्याचा उल्लेख आहे, म्हणजे अभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावरही भाऊ जिवंत होते.

आणखी एक दंतकथा मात्र आपल्या विषयाची आहे. अशोकावदान या ग्रंथात ती येते. धम्माकडे वळण्यापूर्वी अशोकाने पाटलिपुत्रात एक बंदीशाळा बांधली. बाहेरून ती फार सुंदर, राजवाड्यासारखी; आत छळाची सर्व साधने. चंडगिरिक नावाचा क्रूर माणूस तिचा अधिकारी. आत गेलेला माणूस जिवंत बाहेर येऊ द्यायचा नाही असे वचन त्याने राजाकडून घेतले होते. एक भिक्खू चुकून आत गेला. त्याला उकळत्या कढईत टाकले तरी तो शांत राहिला, हे पाहायला राजा स्वतः आला आणि त्याचे मन पालटले. ती जागा त्याने पाडून टाकली. लोकांनी तिला अशोकाचा नरक असे नाव ठेवले होते. शेकडो वर्षांनी चीनहून आलेल्या ह्युएन त्संगने त्या जागेची आठवण नोंदवून ठेवली आहे. कढईचा चमत्कार आपण सोडून देऊ. बुद्धिवादी माणसाला त्याची गरज नाही. पण लोकांच्या आठवणीत या राजाचा पालट रणांगणाइतकाच तुरुंगाच्या दारातही घडलेला आहे, याकडे लक्ष द्या.

रणांगणाची हकीकत दंतकथा नाही. ती त्याने स्वतः दगडावर कोरवून ठेवली. अभिषेकानंतर आठ वर्षांनी, म्हणजे इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, त्याच्या कितीतरी पट पुढे मेली, आणि दीड लाख माणसांना पकडून दुसरीकडे नेण्यात आले. मेलेल्यांचा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. पकडून नेलेल्या दीड लाखांकडे कोणी पाहत नाही. घरदार, शेतभात, आईबाप यांच्यापासून तोडलेली ही माणसे होती. पुढे बंदिवानांची काळजी वाहणाऱ्या या राजाने आधी दीड लाख बंदिवान केले होते, आणि ते त्याने लपवले नाही. आपल्या हातून झालेल्या हिंसेचा आकडा स्वतःच जाहीर करून त्याबद्दल दुःख व्यक्त करणारा दुसरा विजयी राजा इतिहासात मला सापडलेला नाही.

तुम्हां नव्या धम्मबांधवांसाठी एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. कलिंगानंतर अशोक एका रात्रीत बदलला असे समजू नका. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपल्याकडून फारसा प्रयत्न झाला नाही, संघाच्या सहवासात आल्यावर खरा उद्योग सुरू झाला, अशी कबुली त्याने आपल्या लघु शिलालेखांत दिली आहे. याच लेखाची एक प्रत रायचूर जिल्ह्यात मस्की येथे आहे. १९१५ साली बीडन नावाच्या, सोन्याच्या खाणींचे काम करणाऱ्या इंजिनिअरला ती सापडली. तोवर बहुतेक लेखांत देवानंपिय पियदसि एवढीच पदवी मिळत होती. मस्कीच्या दगडावर अशोक हे नाव स्पष्ट मिळाले. मस्की तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपला बीड जिल्हाही १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, म्हणजे आपल्या आजोबांच्याच राज्यातला हा दगड. धम्माने वागल्यास लहानातला लहान माणूसही मोठे फळ मिळवू शकतो, ते थोरामोठ्यांपुरते नाही, हेही त्या दगडावर लिहिले आहे. ज्यांना शाळेच्या पायरीखाली बसवले जाई, त्यांच्या नातवंडांनी तो दगड एकदा पाहून यावा.

आता बंदीशाळेकडे वळू. अशोकाने कलिंगात धौली आणि जौगड येथे जे लेख कोरवले त्यांत युद्धाची हकीकत त्याने गाळली. जखमेवर मीठ नको, असा विचार असावा. तिच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, आणि त्यांतला एक नगरातील न्यायाधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सर्व प्रजा मला मुलांसारखी आहे, असे सांगून तो थेट मुद्द्यावर येतो. एखाद्या माणसाला विनाकारण बंदी किंवा छळ भोगावा लागतो आणि त्याच्यापाठी आणखी पुष्कळ माणसे दुःखात पडतात, याची जाणीव तो अधिकाऱ्यांना देतो. मग असे का होते, याची कारणे तो मोजतो: मत्सर, राग, निष्ठुरपणा, उतावीळपणा, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही यादी आहे. कोर्टात तारखेला जाऊन आलेल्या माणसाने ती वाचावी आणि यातले काय आज उरले नाही ते सांगावे. अधिकाऱ्याचा आळस हा कैद्याचा काळ खातो, हे या राजाने ओळखले होते. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा, एकटा माणूस ऐकायला असला तरी वाचावा, असेही त्याने ठरवून दिले. दर पाच वर्षांनी तपासणीसाठी शांत स्वभावाचा अधिकारी फिरतीवर पाठवण्याची व्यवस्था केली.

अभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर त्याने धम्ममहामात्र नेमले. पूर्वी असे अधिकारी नव्हते, असे तो स्वतः सांगतो. मोलमजुरी करणारे, अनाथ, म्हातारे यांच्याकडे त्यांनी पाहायचे. आणि त्यांच्या कामांत एक काम तुरुंगातील माणसांचे होते. बंदिवानाला मदत द्यायची, त्याच्या बेड्या काढवायच्या, आणि योग्य असेल त्याची सुटका करवायची. योग्य कोण? ज्याच्यामागे मुलेबाळे आहेत तो, जो कोणाच्या तरी नादाने किंवा भ्रमाने फसला तो, आणि जो वयाने थकला तो. हाच तो पाचवा शिलालेख. पोरेबाळे असणे हे सुटकेचे कारण होऊ शकते, हे वाचताना मला माझ्या वर्गातला शेवटचा बाक आठवला.

हेच महामात्र कोणत्या मुलखांत फिरत, त्यांची नावे त्या लेखात आहेत. त्यांत रठिक आणि पेतेनिक अशी दोन नावे जोडीने येतात. रठिक म्हणजे महाराष्ट्रातले लोक आणि पेतेनिक म्हणजे प्रतिष्ठानचे, आपल्या पैठणचे, असे काही अभ्यासक मानतात. सर्वांना ते मान्य नाही. पण मान्य असेल तर, गेवराईच्या पलीकडे गोदाकाठाने थोडे वर गेले की लागणाऱ्या पैठणात अशोकाचे अधिकारी कैद्यांची विचारपूस करीत होते. योगायोग पाहा, आज त्याच पैठणला खुले कारागृह आहे. शिक्षेचा बराच काळ नीट वागून काढलेले कैदी तिथे उंच भिंतीवाचून राहतात आणि शेती करतात. असाच एक प्रयोग १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे सुरू झाला. त्यावरून सुचलेला व्ही. शांतारामांचा १९५७ चा बोलपट तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल.

सुटलेला माणूस पुन्हा तुरुंगात का येतो? या प्रश्नाला तथागतांनी अशोकाच्या कितीतरी आधी हात घातला होता. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात एका राजाची गोष्ट आहे. त्याच्या राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. मारून, बांधून, दंड करून हा उपद्रव संपणार नाही, कारण जे मागे उरतील ते पुन्हा त्रास देतील, असा सल्ला त्याला मिळतो. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पोट भरेल असे वेतन द्या, मग लोक आपापल्या कामात राहतील. राजा तसे करतो आणि लोक घरांची दारे उघडी टाकून राहू लागतात. बाबासाहेबांनी गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात आणि समाजरचनेत का शोधले, ते या सुत्तावरून उमगते. इंग्रजांनी याच्या उलट केले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणाच्या पालावर जाते, हे तुम्हांला माहीत आहे, मलाही माहीत आहे. ज्याला चोर म्हणूनच हाक मारली जाते त्याला दुसरे काम कोण देणार? तुरुंगातून सुटलेल्या माणसाला तर मुकादमही आधी चार गोष्टी विचारतो. आणि खरे सांगायचे तर आपल्या विहारातही त्याच्याशेजारी सतरंजीवर बसायला जागा सोडून बसतात. हे मी स्वतः पाहिले आहे.

अशोकाच्या उतारवयातले लेख स्तंभांवर आहेत. अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने लाखो लोकांवर नेमलेल्या रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना न्यायाचे पूर्ण अधिकार दिले, आणि एक अट घातली. खटल्यात समता असावी आणि शिक्षेत समता असावी. समता हा शब्दच तिथे आहे. याचे मोल कळण्यासाठी मनुस्मृती उघडून पाहा. तिथे एकाच गुन्ह्याला चार वर्णांना वेगवेगळा दंड आहे, आणि ब्राह्मणाला देहदंड नाही, त्याचे मुंडन करावे असे आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी जे जाळले त्यात हा दंडविधीही होता. पण राख झाली तरी सवय जात नाही. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास झाडायचे, असे नियम कित्येक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत स्वातंत्र्यानंतरही राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी संविधानाविरुद्ध ठरवून रद्द केले. सुकन्या शांता या महिला पत्रकाराने तो दावा लावला होता. रज्जुकांना दिलेला हुकूम तुरुंगाच्या आत पोचायला इतका काळ गेला.

त्याच स्तंभलेखात मरणाची शिक्षा झालेल्यांसाठी तीन दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात नातेवाइकांनी धावपळ करून जीव वाचवण्याची विनंती करावी, ते न जमल्यास मरणाऱ्याने दानधर्म, उपवास करून मनाची तयारी करावी. येथे अशोकाची भलामण करून मी पुढे जाणार नाही. त्याने फाशी बंद केली नाही. बंदीशाळाही बंद केल्या नाहीत. जंगलात राहणाऱ्या लोकांना, आपल्या पश्चात्तापातही बळ शिल्लक आहे, अशी समजही त्याने दिलेली आहे. तो राजा होता. तीन दिवस म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या काळी शिक्षा आणि अंमल यांत श्वास घ्यायलाही वेळ नसे, त्या काळी नातेवाइकांचे ऐकून घेतले पाहिजे हे राज्याने मान्य केले, हे मला थोडे वाटत नाही.

पाचव्या स्तंभलेखात कोणते पशुपक्षी मारू नयेत याची लांबलचक यादी आहे. यादीच्या शेवटी, सव्वीस वर्षांत आपण पंचवीस वेळा बंदिवानांची मुक्तता केली, अशी नोंद आहे. राजाच्या शुभदिवशी काही कैदी सोडण्याची चाल जुनीच होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ती आहे. अशोकाचे वेगळेपण एका दिवसाच्या दयेपेक्षा त्या फिरत्या महामात्रांत आहे. सणाच्या दिवशी सुटला तो नशिबाने सुटला. महामात्राने विचारपूस करून सोडवला, तो त्याच्या घराची परिस्थिती पाहून सुटला.

आज आपल्या देशात काय आहे? सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. आणि या माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही असे. चारात तीन. त्यांचे जेवण, औषध, पहारा, कोर्टात नेण्याआणण्याच्या गाड्या, सगळे सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या मीठमिरचीवरच्या करातून. आणि हा खर्च कोणत्या कामावर? बहुतेक वेळा मजुरी करून घर चालवणाऱ्या माणसाला कामाविना बसवून ठेवण्यावर. घरचा खर्च तर कोणत्याच हिशेबात धरला जात नाही: वकिलाची फी, भेटीला जाण्याचे एस.टी.चे भाडे, बुडालेली उचल, शाळा सुटलेले पोर.

अशोकाचा शेवट सुखाचा झाला नाही, असे अशोकावदान सांगते. मंत्र्यांनी त्याचा दानाचा अधिकार काढून घेतला आणि अखेर हातात उरलेला अर्धा आवळा त्याने संघाला दिला. तोही जणू आपल्याच राज्यात नजरकैदेत होता. इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास तो वारला. पुढे त्याची लिपी वाचणारे कोणी उरले नाही. खांबांना लोक भीमाची काठी म्हणू लागले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती अक्षरे पुन्हा वाचली. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा तिथेच जवळ १९५६ साली मिळाला, ज्या वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला.

हे सारे मी त्या मुलाला सोपे करून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की, ते महामात्र आता कुठे भेटतात.

मला त्याची थोडी लाज वाटली, आणि चौकशी केली. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्या कोणालाही तिथे फुकट वकील मिळतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. इतरांना अर्ध्या काळानंतर जामीन. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. जुन्या खटल्यांनाही ते लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे. त्याचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. मुलाच्या बापाचा चौदावा महिना चालू होता, आणि हे त्या घरात कोणी कोणाला सांगितले नव्हते.

आजी आणि मी जाऊन अर्ज दिला. दीड महिन्याने तो जातमुचलक्यावर सुटला, सातबाऱ्यावाचून. यंदा दसऱ्यानंतर पूर्ण कोयता गेला. मुलगा आजीपाशी आहे, सातवीत आहे. खटला अजून चालू आहे. तारीख असली की बाप फडावरून एस.टी.ने बीडला येतो, आणि रात्रीच्या गाडीने परत जातो.